मॅक्लाउड आडनावाचा माग कसा काढावा: हेब्रिडीज बेटांपासून सातासमुद्रापार

कॅनडाच्या केप ब्रेटनपासून न्यूझीलंडच्या वायपूपर्यंत मॅक्लाउड मंडळी पसरलेली आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांच्या वंशावळीत वरच्या टोकाला स्काय बेटावरच्या डनव्हेगन किल्ल्याचा सरदार, म्हणजे मॅक्लाउड कुळाचा प्रमुख, बसवलेला दिसतो. वरून खाली येण्याची ही पद्धत जवळजवळ नेहमीच फसते. हेब्रिडीज म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडची बेटं; त्यांतल्या लुईसवर मॅक्लाउड हे सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. तिथे नुसतं 'जॉन मॅक्लाउड' म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं. माणूस ओळखायचा तर तीन गोष्टी हव्यात: तो कोणत्या पॅरिशमधल्या (चर्चच्या हद्दीने आखलेल्या विभागातल्या) कोणत्या वाडीचा, त्याच्या आईचं माहेरचं नाव काय, आणि बायकोचं काय. या तीन गोष्टी परदेशातल्या कागदांतून आधी मिळवायच्या आणि मगच स्कॉटलंडच्या नोंदवह्या उघडायच्या. खालची सगळी पद्धत मॅक्लाउड नावासाठी मांडली आहे, पण मॅकडॉनल्ड, मॅकेंझी, मॉरिसन यांनाही ती जवळपास तशीच लागू पडते.

नावाच्या मुळाबद्दल, थोडक्यात

तेराव्या शतकात हेब्रिडीज बेटांवर लिओड नावाचा सरदार होऊन गेला. नाव नॉर्स, म्हणजे या बेटांवर राज्य केलेल्या उत्तरेकडच्या दर्यावर्दींच्या भाषेतलं. 'मॅक' म्हणजे मुलगा. परंपरेनुसार त्याच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या: टॉर्मोडची शाखा हॅरिस, स्कायचा पश्चिम भाग आणि मुख्य भूमीवरचं ग्लेनएल्ग इथे, टॉर्किलची शाखा लुईस, रासे आणि अ‍ॅसिंट इथे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लुईस मॅकेंझींच्या हातात गेलं. सरदारकी गेली, पण रयतेचं आडनाव राहिलं.

शोधणाऱ्याने इथे एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. आडनाव लावणारा प्रत्येक जण लिओडचा वंशज नव्हता. सरदाराच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली कुटुंबंही हे नाव लावू लागली. आणि सामान्य माणूस रोजच्या व्यवहारात आडनाव वापरतच नव्हता. बाप आणि आजा यांच्या नावांनीच त्याची ओळख पटे. 'डोनल्ड, इयनचा मुलगा, टॉर्मोडचा नातू' अशी ही साखळी. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, तसंच, फक्त एक पिढी आणखी मागे. आडनाव चिकटलं ते पाद्री, जमीनदाराचा कारकून आणि लष्करात भरती करणारा यांच्या वहीत. म्हणून कधी कधी सख्खे भाऊ दोन वेगळ्या आडनावांनी नोंदलेले आढळतात, त्यात दचकण्यासारखं काही नाही.

सुरुवात परदेशातल्या मृत्यूपासून

नवशिका आधी जहाजाची यादी शोधतो. ती बहुतेक वेळा मिळत नाही, कारण ती मुळात ठेवलीच नव्हती किंवा टिकली नाही. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १८९० ते १९६० या काळातल्याच सलग आहेत. कॅनडात क्वेबेक बंदरातल्या याद्या १८६५ पासून नीट मिळतात, त्याआधीच्या फुटकळ. यादी मिळाली तरी 'मिसेस मॅक्लाउड आणि चार मुलं' एवढंच लिहिलेलं असतं. गाव त्यात नसतंच.

त्यापेक्षा स्थलांतर केलेला माणूस जिथे मेला तिथला दाखला काढा. कुठला दाखला किती बोलतो हे देशागणिक बदलतं.

ऑस्ट्रेलियाचे दाखले सगळ्यात उदार. व्हिक्टोरियात १८५३ पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये १८५६ पासूनच्या मृत्यूनोंदीत आईवडिलांची नावं, जन्मस्थळ, वसाहतीत येऊन किती वर्षं झाली, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, मुलांची नावं, एवढे रकाने असतात. 'वसाहतीत किती वर्षं' हा रकाना सोन्यासारखा: मृत्यूच्या वर्षातून ती वजा केली की आगमनाचं वर्ष हाती येतं. मग त्या राज्याच्या अभिलेखागारातली अनुदानित (सरकारी मदतीने आलेल्या) प्रवाशांची सूची तेवढ्याच दोनतीन वर्षांपुरती चाळायची. न्यूझीलंडमध्ये आईवडिलांची नावं १८७६ पासूनच्या मृत्यूनोंदीत येतात. त्याआधी मेलेल्यासाठी त्याच्या मागे राहिलेल्या भावाबहिणींचे दाखले काढावेत. दोन भावंडांचे आईबाप एकच असतात, आणि त्यातलं एक तरी बहुधा १८७६ नंतर गेलेलं असतं.

केप ब्रेटन ज्यात मोडतं त्या कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात मोठं भगदाड आहे. जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८६४ ला सुरू झाली, १८७७ ला बंद पडली आणि पुन्हा १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये चालू झाली. मधल्या तीस वर्षांत मेलेला माणूस तिथे शोधत बसू नका. लग्नांच्या नोंदी मात्र चालू राहिल्या, तेव्हा त्याच्या मुलांची लग्नं शोधा. नोव्हा स्कोशिया अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर या प्रतिमा फुकट पाहता येतात. ओंटारियोत १८६९ पासूनच्या लग्ननोंदीत वधूवरांच्या आईवडिलांची नावं आहेत. कॅनडाच्या १९०१ च्या जनगणनेत जन्मतारीख आणि देशात आल्याचं वर्ष विचारलं होतं. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना-वर्ष आणि आल्याचं वर्ष. वर्ष एकदोन इकडेतिकडे धरून चाला.

दाखल्यातला माहिती देणारा कोण, ते आधी वाचा. मुलाने सांगितलेलं आजीचं नाव आणि बायकोने सांगितलेलं सासूचं नाव यांत फरक पडतो. शेजाऱ्याने किंवा खानावळवाल्याने सांगितलं असेल तर आईबापांची नावं अंदाजानेच घ्यायची.

दाखल्यानंतर वर्तमानपत्रं. ऑस्ट्रेलियाचं 'ट्रोव्ह' आणि न्यूझीलंडचं 'पेपर्स पास्ट' ही दोन्ही भांडारं विनाशुल्क आहेत. केप ब्रेटनमधल्या सिडनी शहरातून १८९२ ते १९०४ या काळात 'मॅक-टाला' हे गेलिक, म्हणजे या बेटांच्या मूळ भाषेतलं, वृत्तपत्र निघत असे. त्यातल्या मृत्युवार्तांमध्ये इंग्रजी पत्रांत न येणारी गावं येतात.

याच ठिकाणी भूगोल दगा देतो. 'इनव्हर्नेसचा रहिवासी' असं लिहिलेलं असलं म्हणजे तो इनव्हर्नेस शहराचा नव्हे. स्काय, रासे आणि हॅरिस इनव्हर्नेस परगण्यात मोडत, लुईस मात्र रॉस परगण्यात. लुईस आणि हॅरिस हे प्रत्यक्षात एकाच बेटाचे दोन भाग आहेत, हे विशेष! अ‍ॅसिंट सदरलंड परगण्यात. म्हणजे परगण्याच्या नावावरूनच अर्धी चाळणी होते: 'रॉस' दिसलं की लुईस, 'सदरलंड' दिसलं की अ‍ॅसिंट आधी तपासा. दुसरी मेख अशी की गेलेल्या लोकांनी गावांची नावं बरोबर नेली. इनव्हर्नेस नावाचा परगणा केप ब्रेटनमध्येही आहे, डनव्हेगन ओंटारियोतही आहे. जन्मस्थळ 'डनव्हेगन' लिहिलेला माणूस कॅनडातच जन्मलेला असू शकतो.

स्पेलिंग आणि पहिली नावं

'मॅक' असेल तर स्कॉटिश आणि 'एमसी' असेल तर आयरिश, ही समजूत सोडून द्या. दोन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत आणि एकाच घरात, एकाच वर्षात दोन्ही सापडतात. जुन्या कागदांत एम नंतर नुसतं उलटं स्वल्पविरामासारखं चिन्ह देत. ते वाचताना सूची करणाऱ्याने काय केलं असेल सांगता येत नाही. उच्चार 'मॅक्लाउड' असल्यामुळे अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात सी-एल-ओ-यू-डी असं ढगासारखं स्पेलिंगही रुळलं. शोधताना एम, मग तारांकन, मग एल-ई-ओ-डी असं टाका. नंतर दुसरा शोध एम, तारांकन, सी-एल-ओ-यू-डी. तिसरा शोध आडनाव रिकामं ठेवून: फक्त पहिलं नाव, पॅरिश आणि वर्ष. सूची करताना चुकलेले लोक या तिसऱ्या शोधातच सापडतात.

पहिल्या नावांचं प्रकरण जास्त नाजूक आहे. गेलिक नावाला इंग्रजी जोडनाव देण्याची रीत होती आणि ते भाषांतर नसे, नुसती सवय असे. टॉर्मोडचा नॉर्मन होतो, रूअरीचा रॉडरिक, ईअखनचा हेक्टर, मुरखगचा मर्डो; परदेशात मर्डोचा मर्डोक. बायकांच्या नावांत तर एकीला तीन नावं: मोर ही एका कागदात मॅरियन, दुसऱ्यात सारा; बेहाग ही रिबेका किंवा सोफिया; एफी हीच युफेमिया. जनगणनेत मॅरियन, मुलाच्या बाप्तिस्म्यात सारा आणि मृत्यूच्या दाखल्यात मोर, तरी बाई एकच असू शकते. याउलट डोलिना, मर्डिना, नॉर्मना असं पुरुषी नावाला शेपूट लावून केलेलं मुलीचं नाव परदेशात दिसलं, तर कुटुंब हेब्रिडीजचं असण्याची दाट शक्यता.

मुलांची नावं ठेवण्याचा क्रमही वापरता येतो. पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. तिसऱ्या मुलाला वडिलांचं, तिसऱ्या मुलीला आईचं नाव. हा नियम नव्हे, कल आहे. दोन्ही आजोबा डोनल्ड असतील तर घरात दोन जिवंत डोनल्ड असतात, 'मोठा' आणि 'धाकटा'. तेव्हा दुसरा डोनल्ड जन्मला म्हणून पहिला वारला असं गृहीत धरू नये.

आडनाव वारशासोबतही बदलतं. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ग्रँट डफ हे जन्माने नुसते ग्रँट. डफ हे नाव इस्टेटीच्या वारशाबरोबर आलं. जमीनदार घराण्यांत हे सर्रास चाले, गरीब कुळांत क्वचित.

स्कॉटलंडच्या नोंदवह्या

आता गाव हाताशी आहे असं धरू. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'स्कॉटलंड्सपीपल' हे संकेतस्थळ हेच मुख्य दार. खातं उघडणं फुकट, बऱ्याचशा सूचीत शोधणंही फुकट. मूळ पानाची प्रतिमा पाहायला साधारण दीड पौंड पडतो. म्हणून आधी सूचीतूनच जास्तीत जास्त गाळून घ्या. जन्माच्या शंभर वर्षांच्या आतल्या, लग्नाच्या पंचाहत्तर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांच्या आतल्या प्रतिमा ऑनलाइन दाखवत नाहीत. त्यांची नक्कल मागवावी लागते.

१ जानेवारी १८५५ ही इथली मोठी सीमारेषा. त्या दिवसापासून जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. पहिल्या वर्षीचे रकाने इतके भरगच्च होते की निबंधकांना झेपेनात आणि १८५६ मध्ये ते कापले गेले. त्यामुळे १८५५ साली घरात कोणाचंही काहीही झालं असेल, चुलत्याचा मृत्यू का असेना, ते पान विकत घ्या. जन्मनोंदीत आईबापांचं लग्न कुठे, कधी झालं हा रकाना १८६१ पासून परत आला.

स्कॉटिश मृत्यूनोंदीची खरी ताकद अशी की त्यात आई आणि बाप दोघांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. स्कॉटलंडमध्ये लग्न झालं तरी बाईचं माहेरचं नाव कायद्याने पुसलं जात नसे. सूचीत ती दोन्ही आडनावांनी सापडते, थडग्यावरही बहुधा माहेरच्याच. याचा वापर असा करा: जो स्थलांतर करून गेला त्याला सोडा, त्याचा जो भाऊ किंवा बहीण गावातच राहून १८५५ नंतर वारली, तिचा मृत्यू शोधा. १८६० मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या बहिणीचा दाखला तुम्हाला १७५० च्या आसपास जन्मलेल्या आईबापांपर्यंत एका उडीत नेतो.

१८५५ च्या मागे पॅरिशच्या नोंदवह्या. स्कॉटलंडमधली सगळ्यात जुनी वही पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ ची. पण बेटांवरच्या वह्या फार उशिरा सुरू होतात. लुईसच्या ग्रामीण भागात आणि स्कायमध्ये बहुतेक ठिकाणी एकोणिसाव्या शतकातच. त्याआधी मागे जाणं या वह्यांतून शक्य नाही. तिथे कुणी १६०० सालापर्यंत नेणारी साखळी दाखवली तर ती कशावरून, असं जरूर विचारावं.

वही असूनही नोंद नसण्याची तीन नेहमीची कारणं आहेत. एक, १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, गरीब माणूस नोंद टाळे. दोन, दफनाच्या नोंदी बेटांवर जवळजवळ ठेवल्याच जात नव्हत्या. तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि हायलँडची (स्कॉटलंडच्या उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ भागाची) बहुतांश जनता नव्या फ्री चर्चमध्ये गेली. १८४३ ते १८५४ मध्ये जन्मलेलं मूल म्हणूनच अधिकृत पॅरिशच्या वहीत सापडत नाही. फ्री चर्चची वही वेगळी शोधावी. चर्चच्या शिस्तमंडळाची इतिवृत्तं स्कॉटलंड्सपीपलवर फुकट उलगडता येतात, पण त्यांना नावांची सूची नाही. पानं एकेक करून वाचावी लागतात. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप शोधायचा तर मात्र तीच वही.

जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी, १९२१ पर्यंतची खुली आहे. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलं आहे: चौतीसचा माणूस तीस होतो. शिवाय घरातली नाती लिहिलेली नाहीत. एका छपराखाली जॉन आणि मेरी दिसले म्हणून नवराबायको समजू नका, भाऊबहीणही असतील.

गावाचं नाव नकाशावर लागलं नाही तर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे जुने सर्वेक्षण नकाशे ऑनलाइन फुकट आहेत. मैलाला सहा इंच प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीत ओसाड झालेल्या वाड्याही दिसतात.

एका नावाचे अनेक: वजाबाकीची यादी

अवघड काम इथे आहे. परदेशातल्या दाखल्यावर 'डोनल्ड मॅक्लाउड, बाप जॉन, आई कॅथरीन मॉरिसन, लुईस' असं आलं आणि बार्वस पॅरिशमध्ये योग्य वयाचे सात डोनल्ड निघाले, तर आवडलेला एक उचलायचा नाही. सातही कागदावर मांडायचे. प्रत्येकासमोर बाप, आई, वाडी, जन्मवर्ष. मग एकेकाला खोडायचा: हा १८६१ च्या जनगणनेत गावातच आहे, खोडला. हा लहानपणी वारला, खोडला. याच्या आईचं माहेर मॅकेंझी, खोडला. शेवटी एकच उरला आणि तो अमुक वर्षानंतर स्कॉटलंडच्या कागदांतून नाहीसा झाला, तरच तो आपला. दोन उरले तर दोन उरले असंच लिहून ठेवायचं.

खोडण्यासाठी जमिनीच्या नोंदी फार कामाच्या. १८५५ पासून दरवर्षी मूल्यांकन वह्या होत, त्यांत घर किंवा क्रॉफ्ट कोणाच्या नावावर ते असतं. क्रॉफ्ट म्हणजे खंडाने कसायचा जमिनीचा लहान तुकडा. त्याला नंबर असतो आणि तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहतो. माणसापेक्षा क्रॉफ्टचा माग काढणं सोपं. हॅरिसमधल्या नॉर्थटन गावातल्या 'सेल्लम' केंद्राने गावोगावच्या क्रॉफ्टनिहाय कुटुंबांचे इतिहास तयार केले आहेत, आणि तोंडी परंपरेतली बाप-आजाची साखळी त्यात उतरलेली असल्यामुळे नोंदवहीच्या मागची एकदोन पिढ्यांची माहिती तिथे मिळते. लुईसवरच्या गावांमध्ये स्थानिक इतिहास मंडळंही आहेत. पत्र लिहिताना 'माझे पूर्वज मॅक्लाउड' असं मोघम विचारू नका. वाडी, आईचं माहेर आणि अंदाजे वर्ष द्या, नाहीतर उत्तर येणार नाही.

कोण कधी कुठे गेले

स्थलांतराची लाट ओळखली की कोणता कागद मागायचा ते ठरतं.

अठराव्या शतकात स्काय आणि आसपासचे लोक उत्तर कॅरोलायनातल्या केप फिअर नदीच्या खोऱ्यात गेले. डिसेंबर १७७३ ते १७७६ या काळात सरकारने धास्तावून बाहेर जाणाऱ्यांची नावं, वय, धंदा आणि जाण्याचं कारण लिहून घेतलं. ती वही लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात टी ४७/१२ क्रमांकाखाली आहे. अपुरी आहे, पण लोक का गेले हे त्यांच्याच तोंडून कळतं: खंड वाढला. याच वसाहतवाल्यांपैकी पुष्कळ जण अमेरिकन क्रांतीत राजाच्या बाजूने लढले. फेब्रुवारी १७७६ मध्ये मूर्स क्रीकच्या पुलावर चढाई करताना डोनल्ड मॅक्लाउड हा त्यांचा अधिकारी पडला. हरलेले पुढे कॅनडाकडे सरकले. कॅरोलायनात १७७६ पर्यंत दिसणारं आणि मग गायब झालेलं कुटुंब राजनिष्ठांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत शोधावं. ग्लेनएल्गचे मॅक्लाउड १७९० च्या दशकात ओंटारियोतल्या ग्लेनगॅरीत आले.

१७७३ चं 'हेक्टर' जहाज नोव्हा स्कोशियात प्रसिद्ध आहे, आणि म्हणून प्रत्येक जण आपला पूर्वज त्यावर चढवतो. त्याचे प्रवासी मुख्यतः स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या लॉख ब्रूम भागातले होते आणि उपलब्ध यादी नंतर आठवणीतून केलेली. बेटांवरचा मॅक्लाउड असेल तर तो बहुधा चाळीसपन्नास वर्षांनी आला.

अ‍ॅसिंटच्या मॅक्लाउडांची वाट सगळ्यात लांब आणि सगळ्यात नीट नोंदलेली. नॉर्मन मॅक्लाउड हा तिथल्या क्लॅखटॉलचा, कडक वळणाचा, चर्चशी भांडलेला धर्मोपदेशक. १८१७ मध्ये तो अनुयायांसह नोव्हा स्कोशियातल्या पिक्टूला पोचला, १८२० मध्ये केप ब्रेटनच्या सेंट अ‍ॅन्सला. १८४० च्या दशकाअखेर बटाट्याची कीड तिथेही आली. सत्तरी ओलांडलेला हा माणूस १८५१ मध्ये 'मार्गारेट' जहाजातून ऑस्ट्रेलियाला निघाला, आणि तिथे जमलं नाही म्हणून शेवटी मंडळी १८५० च्या दशकात न्यूझीलंडच्या वायपूत स्थिरावली. १८६० पर्यंत सहा जहाजांतून आठशेहून जास्त लोक असे आले. वायपूच्या संग्रहालयात त्यांच्या वंशावळी आहेत. शोधणाऱ्याला यातून काय मिळतं? न्यूझीलंडच्या दाखल्यावर जन्मस्थळ 'नोव्हा स्कोशिया' असेल तर थेट स्कॉटलंडला उडी मारायची नाही. मधला केप ब्रेटनचा टप्पा आधी पुरा करायचा. तो टप्पा गाळल्यामुळेच या घराण्यांच्या अनेक वंशावळी चुकल्या आहेत.

लुईसची गोष्ट वेगळी. हे बेट १८४४ मध्ये जेम्स मॅथेसनने विकत घेतलं. पैसा आला होता चीनच्या अफूच्या व्यापारातून, आणि त्याची पेढी जार्डिन मॅथेसन माळव्याची अफू मुंबईहून मागवत असे, सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पेढीशी भागीदारीत. मुंबई बंदरातून निघालेल्या पेट्यांचा पैसा एका स्कॉटिश बेटाच्या मालकीत मुरला. बटाट्याच्या दुष्काळानंतर, १८५१ ते १८५५ मध्ये, मॅथेसनने लुईसचे दोन हजारांहून अधिक लोक भाडं भरून कॅनडाला पाठवले. ते क्वेबेकच्या 'ईस्टर्न टाउनशिप्स' नावाच्या भागात आणि ओंटारियोतल्या ब्रूस परगण्यात सापडतात. खंड थकलेलीच कुळं निवडली गेली, म्हणून जाणाऱ्याचं नाव इस्टेटीच्या थकबाकीच्या यादीत आधीच दिसू शकतं.

त्याच काळात स्काय, हॅरिस, रासे इथून ऑस्ट्रेलियाकडे लोट गेला. हायलँड अँड आयलंड एमिग्रेशन सोसायटीने १८५२ ते १८५७ मध्ये सुमारे पाच हजार माणसं पाठवली. तिच्या याद्या एडिंबरात आहेत: कुटुंबप्रमुख, प्रत्येकाचं वय, राहण्याचं ठिकाण, जहाज. या एका लाटेत जहाजाची यादी खरोखर कामाला येते, कारण तिच्यात वाडी असते. वयं मात्र जपून घ्या. अनुदानाला वयाची अट असल्याने चाळिशीतले लोक पस्तिशीत आलेले असतात.

विसाव्या शतकातले सोपे आहेत. एप्रिल १९२३ मध्ये लुईसच्या स्टॉर्नोवे बंदरातून 'मेटागामा' जहाज सुमारे तीनशे तरुण घेऊन कॅनडाला गेलं. लुईसवरच्या टाँग गावची मेरी अ‍ॅन मॅक्लाउड १९३० मध्ये न्यूयॉर्कला पोचली. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डोनल्ड ट्रम्प यांची ती आई. या काळात जाताना ब्रिटनची यादी आणि उतरताना न्यूयॉर्कची यादी अशा दोन्ही मिळतात. न्यूयॉर्कच्या यादीत मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि पुढे कोणाकडे जाणार हेही असतं.

हॉलंडकडेही एक फांदी आहे. डच सैन्यात स्कॉट्स ब्रिगेड असे; तिच्यातून तिथे राहिलेल्या मॅक्लाउडांच्या वंशात रुडॉल्फ मॅक्लाउड हा डच ईस्ट इंडीजमधला (आजच्या इंडोनेशियातला) अधिकारी झाला. त्याची घटस्फोटित बायको जगाला माता हारी, ती नर्तकी आणि हेर, म्हणून ठाऊक आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या पॅटागोनियातल्या मेंढवाड्यांवरही लुईसची पोरं गेली. चिलीत आडनावामागे आईचं आडनाव जोडतात, त्यामुळे तिथला कागद एकदम दोन घरं सांगतो.

मुंबई इलाख्यातला मॅक्लाउड

इथे मेलेला किंवा लग्न केलेला असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची कागदपत्रं बघा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एन/३ या मालिकेत आहेत. कंपनीच्या सैन्यात अधिकारी म्हणून आला असेल तर कॅडेट म्हणून भरतीच्या वेळी दिलेल्या कागदांत त्याच्या बाप्तिस्म्याचा उतारा जोडलेला असतो. १७८९ पासूनचे हे कागद आहेत, म्हणजे स्कॉटलंडची मूळ वही हरवली तरी नोंद इथे टिकलेली असू शकते. स्कॉटिश माणसाची नोंद अँग्लिकन चर्चमध्ये सापडली नाही तर मुंबईच्या काळा घोड्याजवळचं सेंट अँड्र्यूज, म्हणजे १८१९ चं स्कॉटिश चर्च, विसरू नये.

डीएनए कुठे उपयोगी, कुठे नाही

बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा तपास फक्त पुरुषाचा आणि सलग पुरुष-शाखेचा होतो. मॅक्लाउड पुरुषांच्या चाचण्यांत एकच नव्हे तर अनेक वेगळ्या शाखा निघतात, आणि वर सांगितलेली कुळांनी नाव घेण्याची पद्धत पाहता ते अपेक्षितच आहे. आपला नमुना सरदाराशी जुळला नाही म्हणून खट्टू होऊ नका. १९३५ मध्ये डेम फ्लोरा मॅक्लाउड सरदार झाल्या, त्यांच्यामागे गादी मुलीच्या मुलाला गेली. तो जन्माने वोलरिज-गॉर्डन, मॅक्लाउड नाव त्याने घेतलं. म्हणजे आजच्या सरदाराचं वाय गुणसूत्रच मॅक्लाउडचं नाही.

३७ खुणांची (गुणसूत्रावरच्या ३७ ठरावीक जागांची) चाचणी जुळली तरी समान पूर्वज हजार वर्षांपूर्वीचाही असू शकतो. तिच्यावर घराणं जोडू नये. १११ खुणा किंवा पूर्ण वाय चाचणी करावी.

स्त्रीपुरुष दोघांचीही होणारी सर्वसाधारण चाचणी चारपाच पिढ्यांच्या आत चांगली चालते. दोन सख्ख्या भावंडांच्या नातवंडांमध्ये सरासरी २३० सेंटिमॉर्गन (सामायिक डीएनए मोजण्याचं एकक), त्याच्या पुढच्या पिढीत सत्तरच्या आसपास. पण लुईससारख्या बेटावर शतकानुशतकं शेजारच्याच वाडीत लग्नं झाल्यामुळे दोन माणसांची नाती चारपाच वाटांनी लागतात आणि आकडे फुगतात. वेबसाइट 'तिसरा चुलत' म्हणेल, प्रत्यक्षात नातं पाचव्या-सहाव्या पिढीतलं निघेल. उपाय असा: एकूण बेरीज न पाहता सर्वात लांब सलग तुकडा बघा. वीस सेंटिमॉर्गनच्या खालच्या जुळण्या सोडून द्या. आणि शक्य असेल तर घरातल्या सर्वात वयस्कर माणसाची चाचणी आधी करून घ्या, कारण तुमच्या चाचणीत त्यांचा निम्मा किंवा त्याहूनही कमी अंश उरलेला असतो.

ढालीवरच्या बोधचिन्हाचं (कोट ऑफ आर्म्स) एक. 'मॅक्लाउड घराण्याचं बोधचिन्ह' म्हणून दुकानात जे मिळतं ते आडनावाचं नसतं. स्कॉटलंडमध्ये ते एका व्यक्तीच्या नावावर, एडिंबरच्या लॉर्ड लायन न्यायालयाने दिलेलं असतं, आणि दुसऱ्याने ते आपलं म्हणून वापरणं कायद्याविरुद्ध आहे.